थांबराव

मुलगा कसा आहे हे कळावं म्हणून लोक पत्रिका काढतात, शेजारीपाजारी चौकशी करतात, पगाराची स्लिप मागतात. माझं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला? त्याला 'स्ट्रीट फायटर'च्या मशीनपुढं उभं करावं आणि तो कोणता गडी निवडतो तेवढं पाहावं. पाच मिनिटांत कुंडली हातात.

जपानच्या कॅपकॉम कंपनीनं 'स्ट्रीट फायटर 2' काढला 1991 साली. चंद्रपुरात यायला त्याला थोडा उशीर झाला, पण आल्यावर त्यानं पोट्ट्यांच्या दोन पिढ्यांच्या शिकवण्या बुडवल्या. दहा बाय बाराची खोली, दाराला काळा पडदा, आत तीन-चार मशीन आणि एक कूलर. (कूलर नसेल तर मे महिन्यात चंद्रपुरात पार्लर काय, देऊळही रिकामं राहतं.) एक रुपयाला एक कॉइन, आणि निवडायला आठ गडी.

ब्लांका घेणाऱ्यानं एकच बटन धडाधड दाबत राहायचं, अंगातून वीज निघते. डोक्याला ताप नाही. सुमोवाला होंडा घेणारा त्याचाच थोरला भाऊ. झँगिफ घेणारा तालमीत जाणारा, किंवा जायचं जायचं म्हणत कधीच न गेलेला. चुन-ली घेणारा सांगायचा की ती फास्ट आहे म्हणून घेतो, आणि आपण मान डोलवायची. धालसिम घेणारा देशभक्त. तोंडातून आग काढणारा, हातपाय पार समोरच्या भिंतीपर्यंत लांबवणारा हा योगी म्हणजे यादीतला एकुलता एक भारतीय, मागं हत्ती उभे. त्याला घेऊन हरलं तरी देशासाठी हरल्याचं समाधान. केन घेणाऱ्याला जिंकायचं असतंच, पण त्याआधी दिसायचं असतं: लाल कपडे, पिवळे केस.

आणि मग रियू. पांढरा कराटेचा ड्रेस, कपाळाला लाल पट्टी, पाय अनवाणी. फार चपळ नाही, फार दांडगा नाही. लांबून एक गोळा फेकतो, जवळ कोणी उडत आलं की उसळून ठोसा मारतो, मधल्या अंतरासाठी एक गिरकी आहे. सगळं येतं आणि सगळं बेताचंच येतं. खेळ शिकायचा तर पहिल्यांदा प्रत्येक जण रियूच घेतो, आणि हात बसला की सोडून देतो. सोडून न देणारा जो एक मागं उरतो, तो थांबराव.

हे नाव आईबापांनी ठेवलेलं नाही. पार्लरातल्या पोट्ट्यांनी ठेवलं. वास्तविक तेव्हा ते अकरावीत होते, मिसरूड फुटायची होती, पण 'राव' लावल्यावाचून हाक मारावी असं कोणाला वाटत नसे. शर्टाची वरची गुंडी लावलेली, खिशात रुमालाची घडी, आणि मशीनपुढं उभं राहण्याआधी चपला बाहेर काढून नीट जोडीनं ठेवणार. दहावीला गणितात 58, विज्ञानात 58, मराठीतही 58. कोणत्याच मास्तरांना ते आठवत नाहीत आणि कोणत्याच मास्तरांची त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

खेळ सुरू झाला की संवाद साधारण असा व्हायचा.

"मार नं बे!"

"कोणाले?"

"समोरच्याले, अजून कोणाले!"

"तो तिकडं आहे. मी इकडं आहो."

"मंग जाय नं तिकडं!"

"तो येईन नं."

आणि तो यायचा. गंमत इथंच आहे. समोर समजा केनवाला आहे. घड्याळ 99 वरून खाली येतंय. थांबरावांचा रियू आपल्या बाजूला, कोपऱ्यापासून दोन पावलं पुढं. स्टिक खाली, तिरपी, पुढं, आणि हलका ठोसा: निळा गोळा निघतो. हलक्या ठोशाचा गोळा सावकाश जातो, जोराच्या ठोशाचा झपाट्यानं; थांबरावांचा नेहमी सावकाश. केननं तो अडवला तरी किंचित रक्त जातंच. दुसरा गोळा. पुन्हा किंचित. आता केनवाल्यापुढं दोन वाटा असतात. एक, तिथंच उभं राहून पै-पैनं मरायचं. दुसरी, गोळ्यावरून उडी मारून जायचं. तो उडी मारतो. खाली थांबराव उभेच. पुढं, खाली, तिरपं, ठोसा. केन जमिनीवर. मग तिसरा गोळा.

असं सहा वेळा. तिसऱ्या वेळी पडद्यामागं उभ्या असलेल्या चौथीतल्या पोट्ट्यालाही समजलेलं असतं की उडी मारायची नाही. केनवाल्याला तर पहिल्याच वेळी समजलेलं असतं. पण कळतं ते वळत नाही, आणि थांबरावांचा सगळा धंदा या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत चालतो. समोरच्याचं अज्ञान त्यांना नकोच असतं. त्यांना हवी असते त्याची घाई, आणि ती सहाव्या वेळीही तितकीच ताजी निघते.

"मी कोठी मारतो कोणाले?" थांबराव शांतपणे म्हणत. "तो येऊन लागते."

या वाक्यावरून एकदा शर्टाची ती वरची गुंडी तुटली होती. कारण थांबरावांना कोणी संत समजू नये. पुष्कळांनी समजलं आणि रुपये घालवले. धीर धरणारा माणूस विनम्र असतो ही आपली एक भाबडी समजूत आहे. पार्लरातला सगळ्यात गर्विष्ठ माणूस तोच. केनवाला धावून येतो म्हणजे समोरच्याला काहीतरी किंमत देतो, याला पाडायला जोर लावावा लागेल हे कबूल करतो. थांबराव कबूल करत नाहीत. त्यांच्या मते तुम्हाला पाडायला तुम्ही पुरेसे आहात, त्यांनी फक्त हजर राहायचं.

पार्लरात काही अलिखित कायदे होते. पकडून फेकायचं नाही. कोपऱ्यात धरायचं नाही. एकच चाल पुन्हा पुन्हा करायची नाही. रक्त जास्त आहे म्हणून मागं बसून घड्याळ संपवायचं नाही. नीट पाहिलं तर चारही कायदे एकाच माणसासाठी केलेले होते, आणि तोच ते पाळत नसे. "चिटिंग! चिटिंग!" असा गलका झाला की थांबराव मशीनकडं वाकत, काच, बटनं, कॉइनची फट, सगळं बारकाईनं पाहत आणि विचारत, "कोठी लिहिलं आहे?"

पार्लरवाल्या काकांचं त्यांच्याशी नातं गुंतागुंतीचं होतं. एकटे थांबराव मशीनशी खेळायला लागले की काकांचं पोट दुखे. इतर पोट्ट्यांचा रुपया तीन-चार मिनिटांत खलास; थांबरावांचा रुपया ऊन उतरेपर्यंत पुरायचा. पण समोर माणूस असला की चित्र पालटे. जिंकणारा उभा राहतो, हरणारा कॉइन टाकतो, हा जगभरच्या पार्लरांचा नियम. थांबराव हलत नसत, आणि पोट्टे ईर्षेनं रुपयामागं रुपया ओतत. अशा दुपारी काका स्वतः उठून त्यांना अर्धा कट चहा आणून देत. पुढं पुढं पोट्ट्यांनी त्यांच्या मशीनकडं जाणंच सोडलं, तेव्हा काकांनी बाजूला घेऊन समजावलं, "राव, मंधात मंधात हरत जाय नं जरा." थांबरावांनी विचार केला. म्हणाले, "हरतो नं. त्यानं हरवलं का हरतो." काकांनी चहा बंद केला.

एकट्यानं खेळून शेवटपर्यंत पोचणारे थोडेच, त्यात थांबराव. रियूचा शेवट पाहिलेला असेल त्यांना आठवेल: बक्षीस समारंभ चाललाय, दोन नंबर आणि तीन नंबर आपापल्या पायरीवर उभे आहेत, मधली सगळ्यात उंच पायरी रिकामी. पहिला आलेला केव्हाच पाठीवर पिशवी टाकून चालू लागलाय. थांबरावांवर या दृश्याचा फार परिणाम झाला असावा. कारण त्यानंतर मशीन जिंकणाऱ्याला तीन अक्षरांत नाव लिहायला सांगते, तिथं इतर पोट्टे एकमेकांना ढकलून स्वतःची आद्याक्षरं घालत. थांबराव तोवर चपला घालून पडद्याबाहेर. मशीन बिचारी वाट पाहून आपोआप 'एएए' लिहून टाकी. त्या पार्लराचा कित्येक वर्षांचा चॅम्पियन कोण म्हणाल, तर एएए.

मग भारनियमनाचा काळ आला. जिल्ह्यात 2340 मेगावॉटचं वीज केंद्र (आता ते 2920 चं आहे), गावाच्या कुठल्याही गच्चीवरून त्याच्या चिमण्या दिसतात, आणि त्या चिमण्यांच्या सावलीत आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेलो. एकदा ऐन लढतीत, घड्याळात 4 उरलेले, थांबराव गव्हाच्या दाण्याएवढ्या रक्तानं पुढं, आणि लाइट गेली. समोरच्यानं आनंदानं किंकाळी फोडली. थांबराव तसेच उभे. स्टिक मागं ओढलेली, कारण या खेळात मागं ओढणं म्हणजे अडवणं. पोट्टे घरी गेले, काका पानठेल्यावर जाऊन आले. लाइट आली तेव्हा थांबराव जागच्या जागी. मशीन सुरू झाली आणि तिनं रिवाजाप्रमाणे आपली मेमरी तपासून सगळं पहिल्यापासून मांडलं. थांबराव एवढंच म्हणाले, "ठीक आहे. जिंकलोच होतो." समोरचा नव्हता, काका ऐकत नव्हते. पण हिशोब पुरा झाला.

त्यांचा खरा पराभव केला तो अर्थशास्त्रानं. मशीन गेल्या, प्लेस्टेशन आले. 'टेकन 3' हा 1997 चा मशीनवरचा खेळ दुसऱ्या वर्षी प्लेस्टेशनवर उतरला, आणि थोड्याच वर्षांत आमच्याकडं कॉपी केलेल्या सीडीवर घरोघर पोचला. पार्लरात आता कॉइनऐवजी तासाचा भाव. हा बदल वरवर किरकोळ दिसतो. पण कॉइनच्या राज्यात थांबणं फुकट होतं, उलट थांबून रुपया वाढत होता. तासाच्या राज्यात थांबलं की मीटर पडतो, तोही दोघांचा. "भाऊ, तासाचे पैसे चालू आहेत नं, मारा लवकर," असं समोरचा गयावया करू लागला. शत्रूनं अशी विनवणी करावी आणि ती रास्त असावी, ही थांबरावांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

त्यांनी टेकनमध्ये जिन घेतला. अपेक्षितच होतं. जिनकडंही सगळं थोडं थोडं आहे. तिथंही मागं ओढलं की अडवतं, समोरच्याची चाल वाया गेली की आपला हात चालवायचा. मोठ्या पोट्ट्यांना त्यांनी बऱ्यापैकी आवरलं. आणि मग एका रविवारी काकांच्या नातवानं एडी घेतला.

एडी गोर्डो हा ब्राझीलचा कापोएरावाला. नाचत नाचत लाथा मारतो, हातांवर उभा राहून मारतो, जमिनीवर झोपून मारतो. त्याला खेळवायला काही यावं लागत नाही. लाथेची दोन बटनं, फुली आणि गोल, जमेल तशी कुटत राहायचं; जे घडेल ते एडी बघून घेतो. नातवाचं वय आठ. पाय खुर्चीवरून खाली पोचत नव्हते. थांबराव नेहमीप्रमाणे मागं सरकून थांबले. एडी आडवा झाला, उताणा झाला, उलटा झाला. थांबरावांनी वरून अडवलं तर लाथ खालून आली, खाली बसले तर वरून. ते पडले. उठले. पडले.

त्या दिवशी ते पार्लरच्या पायरीवर बराच वेळ बसले होते. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "त्यालेच मालूम नाही तो काय करून रायला. मंग मी कोनाची वाट पाहू?"

धीर या गोष्टीवर इतका नेमका आक्षेप मी पुढं कुठल्या ग्रंथात वाचला नाही. समोरच्याकडं काही बेत आहे, त्या बेतात घाई आहे, त्या घाईत फट आहे, एवढ्या तीन गृहीतकांवर थांबराव उभे होते. नातवाकडं बेतच नव्हता. पुढं त्यांनी त्याचाही अभ्यास केला. एडी आडवा झाला की आधी खाली बसून अडवायचं, तो उठताना मारायचं. जमलंही. पण 'अभ्यास करून आठ वर्षांच्या पोराला हरवलं' हे वाक्य कुठंही सांगितलं तरी शोभत नाही, आणि हे त्यांच्याही लक्षात होतं.

नंतर नोकरी लागली. चंद्रपूरला घर, गडचिरोलीला टेबल, रोज एस.टी.नं मूल-सावलीवरून अपडाउन. गडचिरोली हा चंद्रपुरातूनच 26 ऑगस्ट 1982 ला वेगळा झालेला जिल्हा, पण अपडाउनवाल्यांना ते अजून मान्य नाही. फायलीच्या बाबतीत थांबरावांचं धोरण सांगायला नकोच. लोक वैतागून टेबलाशी येत, आवाज चढवत, आणि चढल्या आवाजात नेमकी अशी एखादी गोष्ट बोलून बसत की त्यामुळे फाइल आणखी एका टेबलावर जाई. थांबरावांनी काही केलेलं नसे. तो येऊन लागलेला असे.

वडशाहून गडचिरोलीला रेल्वे येणार, 52 किलोमीटर, ही बातमी एस.टी.त वर्षानुवर्षे चघळली गेली. बाकीचे प्रवासी दर वेळी सरकारच्या नावानं बोटं मोडत. थांबराव खिडकीबाहेर पाहत म्हणत, "येईन नं." आता मातीचं काम दिसू लागलंय, तर ते कोणाला काही ऐकवून दाखवत नाहीत. फक्त त्या बाजूच्या सीटवर बसतात.

लग्न असंच जमलं. मुलीकडच्यांनी नाव ठेवायला खूप शोधलं, सापडलं नाही. कौतुकाला शोधलं, तेही सापडलं नाही. पहिल्या बैठकीत देण्याघेण्याचं निघालं, थांबराव गप्प. दुसऱ्या बैठकीत मुलीचे काका स्वतःशीच वाद घालून स्वतःच हरले. तिसऱ्या बैठकीत मुलीनंच निरोप पाठवला की होय म्हणा, नाही तर हे लोक रोज पोहे खायला येतील.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोब्याच्या बफरमध्ये मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं पाहायची संधी मिळते. ताडोबा म्हणजे 1955 चं राष्ट्रीय उद्यान, 1995 पासून व्याघ्र प्रकल्प. तिथं दिवसा येणारा पाहुणा जिप्सीत उभा राहून दुर्बीण फिरवतो आणि 'वाघ कुठाय, वाघ कुठाय' करत गाइडचं डोकं खातो. थांबरावांना दिवसाच्या सफारीत रस नव्हता. ती धावपळ केनवाल्यांची. मचाण मात्र जणू त्यांच्यासाठीच बांधलेलं. सोबतीला दोन मित्र. एक दहा वाजता कंटाळला, दुसरा बारा वाजता घोरायला लागला. त्याच्या घोरण्यानं चितळं पांगली. थांबराव पहाटेपर्यंत ताठ. सकाळी वहीत नोंद: रानडुक्कर, मोर, एक अस्वल, तेही पाठमोरं. मित्र म्हणाला, वाघ नाहीच आला. थांबरावांनी पाण्यापलीकडच्या बांबूच्या बेटाकडं पाहिलं.

"होता. तोही थांबला होता."

यापेक्षा अवघड प्रसंग कोंबडबाजाराचा. हिवाळ्यात जंगलाच्या कडेला गावोगावी हे प्रकार भरतात; कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, पैसे लावतात. कायद्यानं बंदी आहे आणि असायलाच हवी. थांबराव पैसे लावत नव्हते. ते बघायला गेले होते की दोनपैकी कोणता कोंबडा आधी उडतो आणि आधी उडणाऱ्याचं पुढं काय होतं. त्यांच्या मते निष्कर्ष जुनाच निघत होता. इतक्यात पोलिसांची धाड आली. बाजार उठला तो चारी दिशांनी, कोणी नाल्यात, कोणी तुरीत, कोणी कोंबड्यासकट झाडावर. थांबराव मोहाच्या झाडाखाली हाताची घडी घालून उभे. पळत नाही म्हणजे हा त्यातला नव्हेच, असं समजून जमादारानं त्यांना पंच केलं आणि पंचनाम्यावर सही घेतली. धावणारे सगळे सापडले. म्हणजे इथंही तेच. पण या एका विजयाबद्दल ते घरी बोलत नाहीत.

हल्ली त्यांना मोबाइलवर जगाची साक्ष मिळाली आहे. 2004 साली अमेरिकेतल्या इव्हो स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहारानं एका थेंबभर रक्तावर उभं राहून समोरच्या चुन-लीच्या लाथांचा अख्खा पाऊस एकेक लाथ टिपत झेलला आणि उलटून तिला पाडलं, ती चित्रफीत ते सगळ्यांना पाठवतात. लोकांचा जल्लोष त्यात कानठळ्या बसवतो. दाइगो ती स्पर्धा पुढं अंतिम फेरीत हरला होता. मी हे सांगितलं तर म्हणाले, "मंग? त्या वेळेस तर थांबला नं." आणि 2023 साली हांगझोऊच्या एशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर 5' हा पदकाचा खेळ झाला, त्यात सुवर्ण जिंकलं कोरियाच्या किम ग्वान-वूनं. वय 44. ही बातमी थांबरावांनी शब्दही न जोडता घरच्या ग्रुपवर टाकली. वहिनींनी खाली विचारलं, येताना दही आणता का.

त्यांचा मुलगा सहावीत आहे. टीव्हीला जोडून जुना 'स्ट्रीट फायटर' खेळतात दोघं. मी मागच्या महिन्यात संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो तर लढत लागलेली. 1991 च्या मूळ खेळात दोघांना एकच गडी घेता येत नसे. 1992 च्या आवृत्तीपासून ती सोय झाली. त्या सोयीचा इथं पुरेपूर फायदा घेतलेला: बापही रियू, मुलगाही रियू. घड्याळ 99 वरून निघालं. बाप मागं सरकला. मुलगाही मागं सरकला. गोळा नाही, गिरकी नाही. 80. दोन रियू दोन टोकांना जागच्या जागी हलत होते. मी सोफ्यावर बसलो, पाणी आलं, पाणी प्यालो. 55. मुलाचा चेहरा पाहिला. वरची गुंडी लावलेली होती.

स्वयंपाकघरातून वहिनी डोकावल्या. "टीवी अटकला का जी?"

कोणी बोलेना. 40.

"अटकला असंल तर बंद करा नं, लाइटीचं बिल येते."

30. वहिनी पिठाच्या हातानं आल्या, मुलाच्या हातातला कंट्रोलर काढून घेतला, "कोणतं बटन असते याचं?" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता अंगठ्याखाली आलं ते दाबलं. मुलाच्या रियूनं उडी मारली. थांबरावांचा अंगठा आपसूक फिरला: पुढं, खाली, तिरपं, ठोसा. वहिनींचा रियू जमिनीवर. घड्याळ संपेपर्यंत थांबराव पुन्हा मागं. पहिला डाव त्यांचा.

"पाह्यलं का?" ते मुलाला हळूच म्हणाले. "आली नं शेवटी."

"आली," वहिनी म्हणाल्या आणि खाली बसल्या. "दुसरा लाव."

दुसऱ्या डावात वहिनींनी बटनं निवडली नाहीत. सगळीच दाबली. त्यांचा रियू चालत चालत थेट थांबरावांच्या अंगावर आला. थांबरावांनी अडवलं. त्यानं त्यांना पकडून फेकलं. उठले, पुन्हा अडवलं, त्यानं पुन्हा पकडून फेकलं. कोपऱ्यात नेलं आणि तिथंही फेकलं. घड्याळात 71 असताना थांबराव आडवे झाले.

"हे चिटिंग आहे," थांबराव म्हणाले. आवाज थोडा चढला होता. "पकडून फेकत नसतात."

वहिनींनी टीव्हीकडं मान वाकडी करून वरून खालपर्यंत पाहिलं. "कोठी लिहिलं आहे?" म्हणाल्या. मग मुलाकडं वळून, "जाय रे, भाजी पाह्य. लागून रायली असंल. मी तिसरा खेळतो."